खंडेनवमीला पळालेला कॉम्प्युटर

आमचा कॉम्प्युटर सुरू व्हायला एक कप चहा लागायचा. बटण दाबायचं, स्वयंपाकघरात जायचं, चहा पिऊन कप विसळून परत यायचं, तोवर तो डोळे चोळत नुकता उठलेला असायचा. घरात इतर कुणाला याचं काही वाटत नसे. मला वाटे, कारण मी चादरीच्या कारखान्यात माग चालवणाऱ्या माणसाचा मुलगा. वडील सुट्टीआधी मागात अडकलेली रुई काढायचे, पुसून तेल द्यायचे आणि म्हणायचे, "घाण काढली की माग आपसूक पळतो." यंत्रांबद्दलचं एवढंच ज्ञान मला वारशानं मिळालं, आणि ते मी कॉम्प्युटरला लावलं.

दर रविवारी मी तात्पुरत्या फायलींचा ढीग पुसायचो, कचरापेटी रिकामी करायचो, आणि सफाईचं एक फुकटातलं सॉफ्टवेअर चालवून हिरवी खूण उमटेपर्यंत समोर बसून राहायचो. कॉम्प्युटर होता तसाच रेंगाळायचा. मी म्हणायचो, मूळची घाण जुनी आहे, वेळ लागणारच.

मागच्या खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी कुर्डुवाडीला एका वास्तुशांतीला गेलो होतो. खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. वडील मागाची करायचे, मी कॉम्प्युटरची करतो. सकाळी रीतीप्रमाणे बटण दाबून चहाला गेलो. परत येऊन वर्षाची मोठी सफाई केली, डब्याला हळदीकुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. मी खुर्चीतून उठायच्या आत तो समोर हजर!

मी ओरडलोच. बायको पिठाच्या हातानं धावत आली, मागून मुलगी.

"बघितलंत? याला म्हणतात सफाई!"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मला वाटलं, कौतुकानं.

"बाबा, खरं तर..." मुलगी म्हणाली.

"खरं तर काय? अजून पळेल बघ."

"छान झालं हो," बायको म्हणाली. "शिरा करते."

तो शिरा मी दोनदा मागून खाल्ला. आता आठवला की घशाशी येतो.

त्यानंतर मी गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. पण बसतोय कसला! जिन्यात, लग्नात, दवाखान्यात नंबर यायची वाट बघताना, जो भेटेल त्याला मी सफाईचं महत्त्व सांगत सुटलो. बायको शेजारी उभी राहून पदर नीट करायची. तिला माझा अभिमान वाटतो, अशी माझी समजूत.

असंच एकदा टेंभुर्णीहून थोरल्या बहिणीचा, अक्काचा फोन आला. तिची लेक परदेशात असते. तिला मुलगी झाली होती आणि नातीचं बारसं अक्का कॉम्प्युटरवर बघणार होती. मोबाइलवरचं तिला धड दिसत नाही. लेकीनं जाताना ठेवून दिलेल्या कॉम्प्युटरवर मोठं दिसायचं, पण चित्र मधेमधे अडकायचं.

"दुकानातल्या पोराला बोलवू का?" अक्कानं विचारलं.

"मी असताना?" मी म्हणालो. "त्याला नको बोलवूस. बारशाच्या दिवशी सकाळीच येतो."

"ये मग. तुझ्यावर हाय बघ सगळं."

शेंगाचटणी घेऊन पहिल्या एसटीनं गेलो. अक्का नवं लुगडं नेसून तयार. सख्ख्या बहिणीचं काम म्हणून मी हात आखडता घेतला नाही. सॉफ्टवेअरमध्ये जेवढ्या चौकटी होत्या तेवढ्या सगळ्यांवर खुणा केल्या आणि पुसून टाकलं. हिरवी खूण उमटली. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. तो पूर्वीपेक्षाही सावकाश उठला. व्हिडिओ कॉलचं उघडलं, तर त्यानं पासवर्ड मागितला.

"कसला पासवर्ड?" अक्का म्हणाली. "ह्यानं कधी इचारला न्हाय मला."

पासवर्ड भाचीला ठाऊक. भाची बाळाला सजवण्यात गुंतलेली, फोन उचलेना. मी घाबरून घरी मुलीला फोन लावला.

"बाबा, साठवलेलं लॉगिनसुद्धा पुसलंत?"

"सगळंच पुसलं. पण तो पळत का नाही? आपला कसा पळाला?"

तिनं आईला हाक मारली. मग ती हळूच म्हणाली, "बाबा, आपला सफाईनं नाही पळाला. तुम्ही कुर्डुवाडीला गेला होतात ना, तेव्हा मी आणि आईनं दुकानात नेऊन त्याची जुनी डिस्क काढून नवी, वेगवान डिस्क बसवून घेतली होती. तुम्हाला सरप्राइज द्यायचं होतं. पण तुम्ही इतके खूश झालात..."

बायकोनं फोन घेतला. "अहो, तुमचं तोंड बघून सांगवेना हो."

"आणि रोज मी बोलत होतो तेव्हा?"

"रोज वाटायचं, उद्या सांगू."

मी फोन ठेवला. तेवढ्यात भाचीचा कॉल आला, माझ्या मोबाइलवर. तिथं पाळणा हलायला लागला होता. पासवर्ड विचारायची ती वेळ नव्हती. अक्का मोबाइल कधी लांब धरी, कधी नाकाशी नेई.

"मला नुसतं पांढरं दिसतंय. तू सांग की रं. जावळ हाय का?"

"आहे. दाट आहे."

"नाक कुणाचं?"

"भाचीसारखं वाटतंय."

"वाटतंय काय? नीट बघून सांग."

कुणाचा तरी हात मधे आला होता. तो जाईपर्यंत मी वाट बघत राहिलो आणि अक्का माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं फोन माझ्या हातात दिला आणि न दिसणाऱ्या बाळासाठी पाळणा म्हणायला सुरुवात केली. आवाज मात्र तिकडे नीट पोचला.

निघताना मी तिला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "म्हंजे तुलाबी कुणी सांगितलं न्हाय व्हय." पुढच्याच आठवड्यात मुलीनं अक्काच्या कॉम्प्युटरलाही तसली डिस्क बसवून दिली. आता नात झक्क दिसते. बारसं मात्र होऊन गेलं.

बायको अजून म्हणते, "अहो, तुमच्या आनंदासाठीच गप्प बसलो." असेल. पण त्या आनंदापायी अक्काचं बारसं बघायचं हुकलं, आणि मला त्यात कुणी विचारलं नाही. आता घरात माझ्या हातून काही चांगलं झालं, बंद पडलेलं घड्याळ चालायला लागलं किंवा वाळलेल्या तुळशीला पान फुटलं, की दोघी कौतुक करतात. मी आधी आठवून बघतो, काल मी कुठं गेलो होतो.