निंबाखालची हजेरी

आमचं भाजीचं दुकान माझ्या धाकट्या जावेच्या गळ्यावर चालायचं. परतवाड्याच्या बाजाराच्या दिवशी आम्ही घरची मेथी-वांगी घेऊन बसायचो. मी तोलायची, ती ओरडायची. "घ्या वं माय, ताजी मेथी!" अशी हाक, की पलीकडच्या रांगेतलं गिऱ्हाईक वळून यायचं. बाकीचे दिवस आम्ही दोघी अमरावती रस्त्यावरच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये मिरची निवडायला जायचो.

तिथं थंडाव्यासाठी अमोनिया असतो. तो गळला तर काय करायचं, याची तालीम दर हिवाळ्यात व्हायची. हिवाळ्यातच, कारण उन्हाळ्यात आमच्या वऱ्हाडात तालीम बघायला यायला मोठ्या साहेबांचं मन होत नाही. भोंगा वाजला की आवारातल्या मोठ्या निंबाखाली पळायचं, तिथं सुपरवायझर हजेरी घेणार, आणि हजेरी संपेपर्यंत कोणी हलायचं नाही. निंबाखालीच का? सावली होती म्हणून! साहेबांच्या खुर्च्या तिथंच मांडायच्या होत्या ना. सगळ्यांत आधी पोचेल तिला स्टीलचा डबा बक्षीस. माझ्या जावेनं पदर खोचला, चपला हातात घेतल्या अन् डबा जिंकून आणला. मी तिला चिडवायची, "काय वं, आता पोलिसात भरती होतं का?"

हिवाळ्यात आमच्याकडं वारा उगवतीकडून येतो, उन्हाळ्यात मावळतीकडून. अमोनियाचं मशीनघर निंबाच्या मावळतीला. वावरात फवारा मारताना आम्ही आधी मूठभर माती उडवून वारा बघतो. धान उफणणाऱ्या म्हातारीलाही हे सांगावं लागत नाही. पण कंपनीच्या गेटातून आत गेलं की आपली अक्कल बाहेर ठेवायची, साहेबांची वापरायची. असली उसनी अक्कल जाळायची आहे काय!

चैत्रातली भर दुपार होती. पाइप फुटला. आधी डोळे झोंबले, तर आम्हाला वाटलं मिरचीचंच आहे, आणि आम्ही हसत शिंकत बसलो. मग भोंगा झाला. जाऊ उठली ती थेट निंबाकडं, सगळ्यांच्या पुढं. मी पदर ओला करायला हौदाकडं वळले म्हणून मागं राहिले. तिथून दिसलं, पाचोळा मशीनघराकडून उडत निंबाकडंच चालला होता, आणि त्याच्यामागून पांढरा धूर.

मी जीव खाऊन ओरडले, "पया वं तिथून! बाजूले पया, हौदाकडं या!"

सुपरवायझर नाकाला रुमाल लावून कागद वाचत होता. "कोणी हलायचं नाही, हजेरी चालू हाये!" ज्यांची नावं होऊन गेली होती त्या बाया मुकाट्यानं सटकल्या. शेवटी रुमाल तोंडात कोंबून तोही पळाला. माझी जाऊ खोडाला टेकून उभीच. मी तिला ओढत हौदावर आणलं, बादल्यावर बादल्या ओतल्या. तिचे डोळे वाचले. छाती आणि गळा आतून भाजला.

आता बाजारात मी ओरडते, ती तोलते. माझ्या हाकेला कुत्रंसुद्धा मान वळवत नाही. जिना चढताना ती दर पायरीला थांबते, आणि मला त्या लोकांचा इतका राग येतो, की तोंडात येऊ नये ते येतं. कंपनीनं 'इथं जमा व्हा' असा नवा बोर्ड लावला, छान हिरव्या रंगाचा. त्याच निंबाला ठोकला. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तालीम झाली, पुन्हा डबा दिला.

चौकशीचे साहेब दवाखान्यात आले होते ते मात्र मी विसरू म्हटलं तरी विसरत नाही. खुर्ची ओढून बसले, मोसंबीचा रस घेतला आणि तिलाच दटावल्यासारखं बोलले, "बाई, धूर अंगावर येताना दिसत होता ना? बाकीच्या निघून गेल्या. तुम्ही काय म्हणून तिथं थांबल्या?"

माझ्या तोंडात शिवी आली होती. जावेनं माझा हात दाबला. तिच्या गळ्यातून नुसती हवा निघत होती, म्हणून साहेबांना वाकून ऐकावं लागलं.

"माहं नाव नोतं आलं, साहेब."