ऐकलेल्या गडगडाटाची नोंद

एखाद्या ठिकाणी वर्षाकाठी किती दिवस मेघगर्जना होते, हे मोजण्याची जुनी पद्धत अगदी साधी आहे. वेधशाळेतील निरीक्षकाने दिवसभरात एकदा जरी गडगडाट ऐकला, तर तो दिवस गडगडाटाचा. वीज दिसली पण आवाज आला नाही, तर तो दिवस धरायचा नाही. उपकरण एकच, माणसाचा कान. उपग्रह येण्याच्या पुष्कळ आधीपासून जगभर अशा नोंदी होत आल्या आहेत. पृथ्वीवरील वादळे वाढत आहेत की घटत आहेत, हे ठरवू पाहणाऱ्या अभ्यासकांना म्हणूनच आजही त्या वह्या उघडाव्या लागतात.

अशा वह्या एकतीस वर्षे भरणारा एक निरीक्षक माझ्या परिचयाचा होता. त्याची वेधशाळा म्हणजे टेकाडावरची एक खोली. तिच्यात वायुदाबमापक, टेबल आणि वह्यांचे कपाट. तिला लागूनच त्याचे घर, मधली भिंत सामाईक. वर्षातून पंधरा दिवस तो रजा घेई, तेवढ्यापुरता बदली माणूस येई. एरवी नोंद त्याचीच. एकही दिवस कोरा नव्हता. याचा त्याला अभिमान होता, आणि तो लपवण्याचे कसब त्याच्याकडे नव्हते.

नियमाच्या बाबतीत तो घरच्यांनाही सूट देत नसे. बायको स्वयंपाकघरातून सांगे, "अहो, गडगडलं."

"मी नाही ऐकलं."

"मी ऐकलं ना."

"तुझी नेमणूक नाही."

"नाही तेच बरं आहे. दोघंही खिडकीत उभे राहिलो असतो, तर दूध कोणी बघितलं असतं?"

हा संवाद पूर्वी वर्षातून एखाददुसऱ्या वेळी होई. पुढे वादळांच्या दिवसांत तो आठवड्यातून दोनदा होऊ लागला. बायकोला थट्टेची सवय लागली, असे त्याने ठरवले. वयानुसार हा हेकेखोर झाला, असे तिने ठरवले. एका साध्या वस्तुस्थितीचा उलगडा दोघांनीही एकमेकांच्या स्वभावात शोधला. कुटुंबांत असे नेहमी घडते, आणि त्यामुळे वस्तुस्थितीकडे कोणाचे लक्ष जात नाही.

निवृत्तीला दोन महिने उरले असताना एक संशोधक बाई वह्यांचे फोटो घ्यायला आल्या. तीनशे केंद्रांच्या नोंदी त्या तपासत होत्या. किमान वीस वर्षांची सलग आणि निर्दोष नोंद असेल, तेच केंद्र त्यांच्या यादीत राहणार होते.

"काका, एका हातची एवढी सलग वही माझ्याकडे दुसरी नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे गडगडाटाचे दिवस वर्षाला पन्नासावरून तिसावर आलेत. विजा टिपणारे सेन्सर म्हणतात, काही घट नाही. पण मधल्या काळात सेन्सरच दुप्पट झाले, मग त्यांची तुलना कशी करायची? इथे माणूस तोच, जागा तीच. मी तुमच्यावर जास्त भरवसा ठेवणार आहे."

त्या दिवशी बायकोने दोनदा जेवायला बोलावेपर्यंत तो कपाटापाशीच बसून होता.

तिसऱ्या दिवशी आकडे मांडताना बाई हसल्या. "एक गंमत सांगू काका? गेली काही वर्षं तुम्ही रजेवर गेलात की ढगांना कंठ फुटतो."

तो हसला नाही. त्याने तक्ता मागून घेतला. रजेच्या पंधरवड्यात गडगडाटाचे आठ दिवस, नऊ दिवस. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या पंधरवड्यांत तीन, दोन. जुन्या वर्षांत असा फरक कुठेच नव्हता.

"बदली माणूस सढळ हाताने लिहीत असेल," बाई म्हणाल्या.

"तो? वादळात छप्पर उडालं तरी खुर्चीतून उठायचा नाही. जास्तीचं लिहिण्याचे कष्ट कशाला घेईल?"

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. त्याने तिला विचारले, "तू म्हणायचीस तेव्हा खरंच गडगडायचं?"

"नाही, मी पातेली आपटत होते." मग त्याचा चेहरा पाहून तिने ट्रे खाली ठेवला. "अहो, खिडक्यांच्या काचा हलायच्या. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम करता."

बाईंनी त्याच्या कानांविषयी काही विचारले नव्हते. तो गप्प राहिला असता तर चालण्यासारखे होते. त्याने एक अक्षरही खोटे लिहिले नव्हते. नियम म्हणत होता, जे ऐकले ते लिहा, आणि त्याने तेच केले होते. वही प्रामाणिक होती आणि चुकीची होती. प्रामाणिकपणा पुरेसा असतो अशी ज्याची आयुष्यभराची समजूत, त्याला हे पचणे सोपे नव्हते.

दुसऱ्या दिवशी तो कानाच्या डॉक्टरांकडे गेला. गडगडाटासारखे खालच्या पट्टीतले आवाज दोन्ही कानांना नीट पोचत नव्हते. बोलणे त्याला समजत होते, म्हणून आपले काही बिघडले आहे अशी शंका त्याला आली नव्हती. हे हळूहळू होते, डॉक्टर म्हणाले. सुरुवात आठ वर्षांपूर्वीची असेल, कदाचित बारा वर्षांपूर्वीचीही.

बाईंनी डॉक्टरांचा कागद वाचला. "आठ वर्षं वगळू. तेवीस उरतात, यादीत राहता तुम्ही."

"बारा वगळा."

"डॉक्टर आठही म्हणालेत."

"बाराही म्हणालेत."

"काका, मग एकोणीसच उरतात. केंद्रच जाईल."

"वजाबाकी येते मला," तो म्हणाला. "मधल्या चार वर्षांत मी काय ऐकलं नाही, ते तुम्हाला कळणार नाही आणि मलाही नाही. तुम्ही तीनशे वह्यांवरून आभाळाबद्दल बोलणार. त्यात माझे कान नकोत."

बायको म्हणाली, "एकदा सांगितल्यावर ते ऐकायचे नाहीत. या बाबतीत कान शाबूत होते तेव्हाही असंच होतं."

त्याने बारा वर्षांच्या प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर शाईने लिहिले, ‘निरीक्षकाची श्रवणशक्ती सदोष. गडगडाटाची नोंद ग्राह्य धरू नये.’ खाली सही आणि तारीख. उरलेल्या दोन महिन्यांसाठी गडगडाटाच्या नोंदीला दुसरा माणूस द्यावा, असा अर्ज त्याने त्याच टपालाने पाठवला.

बाईंनी लॅपटॉपवर केंद्राची ओळ काढून टाकली. त्याने चष्मा लावून यादी वरपासून खालपर्यंत तपासली. काढायची तीच ओळ निघाली आहे ना, शेजारच्या केंद्राची तर गेली नाही ना, एवढे त्याला पाहायचे होते.