दोरा, मोसंबी आणि पलटणीचा पिट्टू

जालन्याला निघताना बायकोनं मापाचा दोरा दिला होता. तो मी मोसंब्यांच्या पुडक्याला बांधला. पुढं जे जे झालं ते या एका गाठीपासून सुरू झालं, म्हणून ती आधीच कबूल करून टाकतो. आमच्या घरात ही गोष्ट माझ्याआधी दुसऱ्या कुणी सांगितली की तिच्यात तिखटमीठ फार पडतं.

दोरा साधाच, गोधडीचा, पांढरा. आमची मंडळी गल्लीतल्या बायकांच्या चोळ्या शिवायची. मापाची पट्टी तिच्याकडं नव्हती. ज्या बाईची चोळी तिच्या नावाचा दोरा, त्याला गाठी, आणि ते सगळे दोरे भिंतीच्या एका खिळ्याला. कुणाचा दोरा कोणता हे तिलाच कळायचं. त्या दिवशी तिनं मला भिंतीशी उभं केलं, मानेच्या हाडापासून कमरेपर्यंत दोरा धरला आणि गाठ मारली. मग एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत, दुसरी गाठ.

"ह्या गाठींच्या पुढं जाणारी घेऊ नका," ती म्हणाली. "पिशवी तुमच्या पाठीवर बसली पाहिजे. तुम्ही पिशवीत बसायचं न्हाई."

पिशवी लागत होती ती नोकरीसाठी. निजामी जाऊन चार-पाच वर्षं झाली होती आणि मी भोकरदनच्या दवाखान्यात देवी टोचणारा म्हणून लागलो होतो. गावोगाव पायी जायचं आणि लेकरांच्या दंडावर देवीची लस टोचायची. लसीच्या काचेच्या नळ्या, स्पिरिटची बाटली, टोचण्या, लेकरांच्या नावांचं रजिस्टर, पाणी आणि भाकरी हे सगळं एका पत्र्याच्या पेटीत, आणि पेटी एका पट्ट्यानं डाव्या खांद्याला. दोन वर्षांत डावा खांदा चार बोटं खाली आला. बायको म्हणायची, "तुम्ही लांबून येताना दिसले की वाटतं, कावडीतली एक घागर कुणीतरी काढून घेतली."

नोकरी अजून कच्ची होती. औरंगाबादेहून मोठे डॉक्टर तपासणीला येणार होते आणि कुणाला कायम करायचं ते ठरवणार होते. कायम झालो नसतो तर जाफराबादेकडं थोरल्या भावाची शेती होती. भावानं निरोपही धाडला होता, "तिकडं पायीच चालून राह्यला ना? मंग इकडं औतामागं चाल." माझं औताशी वैर नव्हतं. औताचं माझ्याशी होतं. उभ्या जन्मात मी औतानं मातीत एक सरळ रेघ ओढलेली नाही. बैलसुद्धा वळून माझ्याकडं बघायचे.

तर पिशवी. नव्या जालन्यात एका बोळीत एक चाचा पलटणीचा जुना माल विकायचे. घोंगड्या, पाण्याच्या बाटल्या, बूट, आणि दोन्ही खांद्यांत अडकवून पाठीवर घ्यायच्या पिशव्या. त्यांना ते पिट्टू म्हणत. मोसंब्यांचं पुडकं काखेत धरून मी आत शिरलो. कागद फाटत होता म्हणून मोटारअड्ड्यावर खिशातला दोरा काढून त्याला गुंडाळला होता, हे माझ्या ध्यानातही नव्हतं.

"पिट्टू होना? बैठो," काय पाहिजे ते ओळखून चाचा म्हणाले.

तीन पिट्टू टांगलेले होते. धाकटा शाळेच्या दप्तराएवढा. मधला पातळ कापडाचा; तो अंगावर घेतला तर काही घेतलंय असं वाटेना. वजनच लागत नाही म्हणजे कापडात दम नाही, असा मी शेतकऱ्याच्या पोराचा हिशेब केला आणि तो खाली ठेवला. तिसरा थोरला. जाड कॅनव्हास, आत अस्तर, कड्या, बकलं, साखळ्या.

"ये देखो," चाचांनी त्याच्यावर थाप मारली. धूळ उडाली. "लोखंड है, लोखंड! पूरा घर आ जाता इसमें."

मी खिशात हात घातला. दोरा नाही. मग काखेकडं बघितलं. दोरा सोडला असता तर डझनभर मोसंबी बोळीतून गडगडत गेली असती.

"चाचा, जरा माप..."

"माप कायकू? पीठ तुम्हारे पास है, पिट्टू मेरे पास है. पहनके देखो."

मी चढवला. तो पोटावर आला. चाचांनी न हसता, नवरदेवाला बोहल्यावर फिरवावं तसं मला फिरवलं, पट्टे सोडवले आणि पुन्हा पाठीवर बसवला. दुकानात चार पावलं चाललो. छान वाटलं. रिकामी पिशवी कुणालाही छानच बसते, ही अक्कल पुढं यायची होती.

परतीच्या मोटारीत मोसंबी खाल्ली. दोन घरी न्यायची होती, पण रस्ता लांब होता. साली कुठं टाकायच्या, शेजारी एक म्हातारबुवा पाय पसरून बसलेले. मी त्या पिट्टूत टाकल्या. पहिला माल तोच. भोकरदनच्या अलीकडं उतरून पिट्टू उलटा करून झटकला आणि घरी गेलो.

बायकोनं माझ्याभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"ही शिपायाची न्हाई," ती म्हणाली. "शिपायाच्या घोड्याची हाय." मग उचलून पाहिली. "अगं बाई! रिकामी हाय ना?"

"मजबूत आहे."

"दोरा लावून बघितला?"

"बराबर बघितला."

"कुठंय दोरा?"

"दुकानात राहिला वाटतं."

तिनं माझ्याकडं बघितलं, पिशवीकडं बघितलं, आणि भाकरी थापायला बसली. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

पहिले आठ दिवस मी रुबाबात होतो. खांदे सरळ झाले. आमचं सामान त्या पिट्टूच्या तळाशी कुठंतरी पडून राहायचं आणि वर निम्मी जागा रिकामी. ती रिकामी जागा बायकांच्या नजरेतून सुटली नाही.

आमच्याकडं शेतात काही नवं आलं की लेकीबाळींना, सोयऱ्यांना वानोळा धाडायची रीत. आता वानोळा न्यायचा कुणी? जो या गावाहून त्या गावाला निघालाय त्यानं. आणि या गावाहून त्या गावाला रोज निघणारा, तोही सरकारी, तोही पाठीवर एवढी मोठी जागा घेऊन, असा माणूस सगळ्या टापूत मी एकटा. पहिल्यांदा एका बाईनं मूठभर लाल मिरच्या दिल्या.

"डाक्टरसायेब, पुढल्या गावात माझी लेक हाय. चावडीच्या मागचं घर. जागा हाय ना?"

जागा होती. नाही कसं म्हणणार? दुसऱ्या फेरीला शेंगा आल्या. मग पापड, मुगाची डाळ, बाळंतिणीला डिंकाचे लाडू, बाळाला कुंची. पेटी होती तोवर कुणी काही दिलं नव्हतं. पेटीला झाकण होतं आणि झाकण लागलं की विषय संपायचा. पिट्टूला तोंड होतं आणि ते भरेपर्यंत मिटत नव्हतं. "आणिक थोडी जागा दिसून राह्यली की!" असं म्हणत बायका वरून हातानं दाबायच्या, कणगीत धान्य दाबावं तशा.

आणि माप. पिट्टूचा तळ माझ्या कमरेच्या पार खाली गेला होता. पाऊल टाकलं की मागून दणका बसायचा, जणू कुणी मला पुढं हाकतंय. पोरं म्हणायची, "टोच्या आला, खोगीर घालून आला!" एकदा एका ओढ्याच्या काठी दगडावर टेकलो आणि पिट्टूनं मला मागं ओढलं. उताणा पडलो. पट्टे खांद्यांत, पाय वर, कासवासारखा. धुणं धुणाऱ्या दोघी बायका आधी पोटभर हसल्या आणि मगच उठवायला आल्या. उठवता उठवता एकीनं विचारलं, "केदारखेड्याला चालले का? आमच्या मावशीला एक डांगर द्यायचं होतं."

ते डांगर, चांगला मोठा लाल भोपळा, मी घेतलं. केदारखेड्यालाच त्या दिवशी मोठे डॉक्टर येणार होते, आणि मी डांगर घेतलं.

मी चावडीवर पोचलो तेव्हा ते येऊन बसले होते. उंच, किडकिडीत, चष्म्याचे. घड्याळ बघितलं त्यांनी.

"लस दाखवा."

लस थंड राहावी म्हणून नळ्यांची डबी ओल्या फडक्यात गुंडाळून मी अगदी तळाला ठेवत असे. म्हणजे तिच्यापर्यंत जायचं तर वरचं सगळं काढावं लागणार. मी काढायला लागलो. मिरच्यांची पुरचुंडी निघाली. शेंगा निघाल्या. पापड, ते अर्धे चुरा झालेले. कुंची निघाली. कुण्या जावयाच्या नव्या चपला निघाल्या. एकेक वस्तू चावडीच्या फरशीवर मांडत गेलो आणि शेवटी दोन्ही हातांनी डांगर काढून ठेवलं.

"तुम्ही देवी टोचता," मोठे डॉक्टर म्हणाले, "की बाजार भरवता?"

डबी उघडली. सहा नळ्यांपैकी दोन फुटल्या होत्या. डांगराचं काम. फडकं कोरडं झालं होतं.

"दोन नळ्यांत किती लेकरं होतात?"

आकडा मला पाठ होता. मी फुटक्या काचा वेचायला लागलो. त्या क्षणी मला भावाचं औत स्वच्छ दिसलं, बैलांसकट.

इतक्यात चावडीच्या पायरीशी एक बाई आली, काखेला लेकरू. एरवी त्या गावात मी दिसलो की दारं लागायची आणि लेकरं माळवदावर नाहीतर कणगीत जायची. आजवर तिथं मी लेकरांपेक्षा कड्या जास्त बघितल्या होत्या. ही बाई मात्र पुढं आली.

"माझ्या आईनं मिरच्या धाडल्या का हो?"

मी पुरचुंडी दिली. तिनं ती नाकाला लावली, पदरात बांधली, आणि लेकराचा दंड पुढं केला. "धुवून आणलाय. टोचा, पण हळू."

मागून डांगराची मावशी आली, दोन नातवंडं धरून. मग कुंचीवाली. मग जिला काहीच आलं नव्हतं तीही आली, पुढच्या फेरीला काय काय पाठवायचं ते सांगायला, आणि तिचंही पोरगं टोचून झालं. उरलेल्या चार नळ्या दुपारच्या आत संपल्या. मोठे डॉक्टर खुर्ची पुढं ओढून बघत होते. त्यांनी मिरच्यावाल्या बाईला विचारलं, "गेल्या साली तुम्ही दार का उघडलं नव्हतं?"

"तवा हे सरकारी माणूस व्हते," ती म्हणाली. "आता माहेराहून आल्ते. माहेरच्या माणसाला दार कसं लावू सायेब?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "वानोळा चालू द्या. डांगर बंद करा. पुढच्या महिन्यात मी परत येतो. लस सगळ्यात वर पाहिजे, फडकं ओलं पाहिजे, आणि एकही नळी फुटलेली नको. मग कायमचं बघू."

घरी येऊन मी सगळं सांगितलं. दोऱ्याचं सोडून.

"उभे राहा भिंतीशी," बायको म्हणाली. "पोट आत घेऊ नका. नोकरी तुम्हाला करायचीय, तुमच्या फोटोला न्हाई."

नवा दोरा, नव्या गाठी. रविवारच्या दुपारी तिनं मांडी घातली, मोच्याकडून दाभण आणवलं आणि पिट्टू उसवायला घेतला. आतलं अस्तर काढलं. कड्या, साखळ्या, बिनकामाची बकलं काढली; पुढ्यात लोखंडाचा ढीग झाला. तळ कापून गाठीएवढा वर आणला आणि शिवला. पट्टे आखूड केले. पाठीपासून लांब, वरच्या बाजूला डबीचा खण, म्हणजे माझ्या पाठीची ऊब लसीला लागायची नाही आणि वरून फडक्यावर पाणी शिंपडता येईल. उरलेल्या कापडाची एक थैली केली, पायलीच्या मापाएवढीसुद्धा नाही, आणि ती बाहेरून टांगली.

"ह्यात मावंल तेवढाच वानोळा," ती म्हणाली. "त्याच्यावर कुणी दिलं तर म्हणावं, घरी विचारून सांगतो."

हे वाक्य मी पाठ केलं आणि गावोगाव वापरलं. एवढ्या लवकर बायका कुणाचंच ऐकत नाहीत. "घरी विचारून" म्हटलं की हसायच्या आणि अर्धं काढून घ्यायच्या. डिंकाचे चार लाडू, एक कुंची, मूठभर मिरच्या; तेवढ्यानं दारं उघडायची. पिट्टू पाठीला असा चिकटला की ओढ्याकाठी दगडावर बसलो तरी मी बसलेलाच राहिलो. धुणं धुणाऱ्या दोघींची फार निराशा झाली.

महिन्यानं मोठे डॉक्टर आले. मी वरचा खण उघडला. ओलं फडकं, सहा नळ्या, सहाही धडधाकट. त्यांनी पिट्टू स्वतः उचलून बघितला, पट्टे बघितले, शिवण बघितली. "कुठून घेतलात?" विचारलं. "जालन्याहून," मी म्हणालो, आणि मग राहवेना म्हणून, "अर्धा."

कायम झाल्याचा कागद आला त्या दिवशी मी पेढे घेऊन घरी आलो. कागद वाचून दाखवला, दोनदा. मग पाटावर बसून जरा बोललो. माणसानं पिशवी घेताना मोहात पडू नये, आधी आपली पाठ ओळखावी, माप हीच खरी गोष्ट, वगैरे. चांगला बोलत होतो.

बायको उठली. भिंतीवरच्या खिळ्यावरून, चोळ्यांच्या दोऱ्यांतून एक दोरा तिनं काढला आणि माझ्यापुढं धरला. पिवळा पडलेला, दोन गाठींचा, आणि एका गाठीला वाळून कडक झालेली मोसंबीची साल. पिट्टूचा तळ उसवला तेव्हा तिला तो शिवणीत सापडला होता. महिनाभर तो तिथं, माझ्या डोळ्यांसमोर, टांगलेला होता.

मी पेढा तोंडात तसाच धरून बसलो.

"कायम झाले, लई चांगलं झालं," ती म्हणाली. "आता एवढंच सांगा, मोसंबी गोड तरी होती का?"