डब्यावरचा सुटलेला कागद

मंडईत भाजी घेत होते. एक माणूस डबा खुळखुळवत पुढ्यात आला. डब्यावर ‘पूरग्रस्तांना मदत’ असं लिहिलेला नवा कागद होता. तो एका बाजूने सुटला होता आणि खालचा जुना कागद दिसत होता. त्यावर ‘दरडग्रस्तांना मदत’ आणि माझ्या माहेरच्या गावाचं नाव!

गावावर दरड कोसळली, तेव्हापासून माझा भाऊ पत्र्याच्या शेडमध्ये राहतोय. असल्या डब्यातलं एक नाणं त्याच्यापर्यंत पोचलेलं नाही.

“परवानगी आहे का?” मी विचारलं.

“धर्माच्या कामाला कसली परवानगी, ताई?” तो हसला.

माझं डोकंच फिरलं. वडापावची गाडी लावायला परवाना लागतो. मेलेल्यांच्या नावाने मागायला मात्र नुसता डबा पुरतो! कायदा आहे म्हणतात. असेल कुठल्या तरी कपाटात. बिनपरवान्याचा डबा जागच्या जागी जप्त करणारा कायदा मला या मंडईत दिसायला हवा.

मी कुठे बघतेय ते त्याच्या लक्षात आलं. त्याने थुंकीने अंगठा ओला केला, सुटलेला कागद दाबून चिकटवला आणि माझं गाव दुसऱ्यांदा गाडून टाकलं.