नाटकात मध्यंतर नव्हतं

आमच्या हर्नडनहून मुलीच्या कॉलेजच्या गावी, ॲन आर्बरला, गाडीने नऊ-दहा तास लागतात. निघताना मी सुनंदाला, म्हणजे माझ्या पत्नीला, एवढंच विचारलं, "केतकीला कळवलंस ना, नाटकाला मीही येतोय?"

"कळवलं. म्हणाली, बाबांना सांग, खुर्ची ठेवलीय."

केतकी आमची मुलगी. जूनमध्ये ती ब्रायनशी लग्न करायचं म्हणाली आणि मी फोनवर ओरडलो, "मग मला बाप म्हणू नकोस." त्याला न पाहताच. तेव्हापासून चार महिने आम्ही बापलेक सुनंदामार्फत बोलत होतो. रोज लाज वाटे, पण माघार घेववत नव्हती.

ओहायोत रेस्ट एरियात (हमरस्त्यावरच्या विसाव्यात) धपाटे काढले. शेजारच्या बाकावरचा म्हातारा ट्रकवाला सारखा बघायला लागला, म्हणून त्यालाही एक दिला.

"कुठे निघालात?"

"मुलीच्या नाटकाला. ट्रॅजेडी आहे."

"मुलं म्हटलं की असायचीच," म्हणत त्याने दुसरा मागितला.

ॲन आर्बरमध्ये मेपलची झाडं लालभडक झाली होती. नाटक विद्यार्थ्यांनीच ग्रीक पद्धतीने रचलेलं. राजकन्येचं शत्रूच्या मुलावर प्रेम, राजाचा नकार. कोरस (एका सुरात बोलणारा घोळका) बजावत होता, प्रेम शिरलं की घर उरत नाही. मला अगदी पटलं.

मग अंधार झाला. मध्यंतर समजून मी कॉफी शोधायला उठलो, एक दार ढकललं आणि थेट रंगमंचामागे पोचलो. नुकतीच मेलेली राजकन्या तिथे पिझ्झा खात होती. ग्रीक नाटकात माणसं आत मरतात आणि निरोप्या बाहेर येऊन सांगतो. निरोप्या होती केतकी.

"बाबा! यू कान्ट बी हिअर!"

चार महिन्यांनी मी तिच्याशी बोललो ते हे: "मध्यंतर... कॉफी..."

"मध्यंतर नसतं यात!" म्हणून ती प्रकाशात गेली.

राजाने विचारलं, "शेवटी माझ्यासाठी काही म्हणाली?"

"काही नाही, महाराज," केतकी म्हणाली.

मला हुंदका फुटला. एका मेलेल्या राजपुत्राने घाईघाईने हातातला नॅपकिन दिला. नॅपकिनला पिझ्झाचं तिखट लागलं होतं. डोळा झोंबायला लागला.

"सॉरी सर," तो कुजबुजला. "मी ब्रायन."

केतकीला न भेटताच मी निघालो. परतताना ओहायोतल्या त्याच बाकावर सुनंदाचा फोन वाजला. "अहो, ती विचारतेय, बाबांचा डोळा बरा आहे का?"

"तिला सांग..." म्हणालो आणि थांबलो. "दे इकडे. केतकी, माझं चुकलं. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत घरी ये. ब्रायनलाही आण."

 केतकी म्हणाली, "बाबा, हे आईला तू सांगणार की मी?"

सुनंदा शेजारीच डबा बंद करत होती. "सुटले मी एकदाची," ती म्हणाली.

उरलेल्या रस्त्यावर तो राजा आठवत राहिला. त्याचा हट्टही प्रेमातूनच आला होता, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? त्याला बिचाऱ्याला फक्त चुकीचं दार सापडलं नाही.