रेतीचा डबा

माझ्या धाकट्या भावाचा डावा पाय गुडघ्यात वाकत नाही. का वाकत नाही, ते आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे: सक्करदऱ्याच्या एका मिस्त्रीनं मोटारसायकलच्या ब्रेकची तार कच्ची बसवली. मिस्त्री जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मलाही आता जिना चढताना दोनदा थांबावं लागतं. त्या तारेचं खरं काय झालं ते गेल्या उन्हाळ्यापर्यंत एकट्या मला माहीत होतं, आणि ते तसंच घेऊन जाण्याची ताकद आता उरलेली नाही.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. मी सरकारी कचेरीत कारकून होतो. कामठीच्या छावणीतून लिलावात निघालेली, महायुद्धाच्या काळातली एक इंग्रजी मोटारसायकल मी दुसऱ्याकडून घेतली. तिचा पुढचा ब्रेक आधीच्या मालकानं काढून टाकला होता. तेव्हा बरेच जण काढत. पुढचा ब्रेक दाबला की माणूस तोंडावर पडतो, असं आमच्या बाबांसकट सगळे मानायचे.

मी गाडी मिस्त्रीकडे नेली. त्याला हे अजिबात पटत नसे.

"तोंडावर पडते तो, ज्याले दाबाचं समजत नाही," तो म्हणाला. "मांगचा ब्रेक गाडीले नुसता सांगते, थांब वं बाई. थांबवते पुढचा."

काढलेल्या ब्रेकची जुनी तार मी पिशवीतून नेली होती. ती त्यानं दोन बोटांत धरली. "हे तार हाये का सुतळी? एवढ्या म्हशीले सुतळीनं बांधता का गा तुम्ही?"

त्यानं जाड तार आणली. तारेच्या दोन्ही टोकांना पितळी घुंडी असते, ती वितळलेल्या कथलाचा डाग देऊन तारेला पक्की करावी लागते. सगळा ब्रेक त्या दोन घुंड्यांवर. डाग देऊन झाला की मिस्त्री ती तार दुकानामागच्या निंबाच्या फांदीला अडकवायचा आणि खाली रेतीनं भरलेला तेलाचा डबा लटकवायचा. पुरता एक दिवस. डबा पडला तर डाग पुन्हा. गिऱ्हाईक कोणीही असो, कितीही घाईत असो, डबा लटकल्याशिवाय तार गाडीला लागत नसे.

"डबा पडला तं चालते," तो म्हणायचा. "माणूस नाही पडला पाहिजे."

माझी तार त्यानं एका रविवारी सकाळी लटकवली आणि मला सोमवारी यायला सांगितलं. त्याच रविवारी कन्हानला मावसबहिणीचं साक्षगंध होतं. मी मोटारसायकलवर येणार, हे मी तिथं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मिस्त्रीला म्हटलं, तार आजच द्या.

"काहून? नवरदेव तुम्ही हाये का?" एवढं बोलून तो जेवायला घरी गेला.

दुकान उघडंच असायचं. डबा लटकून तासभर झाला असेल, हलला नव्हता. मी तो उतरवला, झाडाच्या बुंध्याशी ठेवला आणि तार स्वतः बसवली. मूठ दहा वेळा दाबून पाहिली. छान धरत होती. मग घरी जाऊन भावाला मागे बसवलं. त्यानं नवा सदरा घातला होता आणि इस्त्री मोडेल म्हणून तो मला टेकतही नव्हता.

कळमन्याच्या अलीकडे रेल्वेचं फाटक बंद होत होतं. मी पुढचा ब्रेक दाबला. आधी धरला, मग मूठ हातात एकदम ढिली झाली. मागचा दाबला, चाक घसरलं, आणि फाटकाशी उभ्या बैलगाडीच्या चाकावर आम्ही आडवे जाऊन आदळलो. मी गवतात पडलो, कोपर सोलपटलं. भावाचा पाय दोन चाकांच्या मध्ये सापडला.

दवाखान्यात बाबांनी विचारलं, "तार कोणाकडची?"

"मिस्त्रीकडची," मी म्हणालो. खोटं नव्हतं. तेवढ्यावरच मी इतकी वर्षं काढली.

दुसऱ्या दिवशी बाबा दोन शेजाऱ्यांना घेऊन दुकानावर गेले. मलाही जावं लागलं. बाबा रस्त्यावरूनच ओरडले, "माणसं मारून राहिला का बे तू?"

मिस्त्रीनं तार मागितली. टोक उन्हात धरलं, नखानं खरवडलं. "घुंडी सरकली," तो म्हणाला. "आतून तार तेलकट राहिली. डाग माझा हाये."

मग त्यानं बुंध्याशी ठेवलेल्या डब्याकडे पाहिलं, आणि माझ्याकडे. मी कोपरावरची पट्टी बघत होतो.

डबा कोणी उतरवला हे त्यानं बाबांना का सांगितलं नाही, ते मला कळलेलं नाही. कदाचित डाग आपला म्हणजे चूक आपली, असा त्याचा हिशेब असेल. पण हात चुकू शकतो हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तर डबा होता. तो डबा मी उतरवला.

बातमी पसरली. ज्यांनी त्याच्याकडून पुढचे ब्रेक लावून घेतले होते, ते काढून घ्यायला आले. त्यानं ते काढून दिले. दोनेक वर्षांत त्याच्याकडे नुसत्या सायकली यायला लागल्या. मी दुकान टाळून, सक्करदऱ्याच्या तलावाच्या पलीकडून, लांबच्या रस्त्यानं कचेरीत जायला लागलो. तो वारला तेव्हाही त्याच रस्त्यानं गेलो.

गेल्या उन्हाळ्यात भाऊ नातवंडांना पायाची गोष्ट सांगत होता. मिस्त्रीला नेहमीच्या शिव्या सुरू होत्या. नातवंडं हसत होती. ती आत गेल्यावर मी त्याला सगळं सांगितलं.

तो पाय चोळायला लागला.

"तासभर लटकला होता डबा?"

"हो."

"आन् मी सदऱ्याची इस्त्री सांभाळून राहिलो होतो." मग म्हणाला, "दादा, पायाचं जाऊ दे. पायाची सवय झाली मले. पण त्या माणसाले मी पन्नास वर्षं शिव्या देऊन राहिलो. त्या आता कोण परत घेईन?"

आतून वही आणून त्यानं माझ्यापुढं ठेवली.

"लिहून दे," तो म्हणाला. "माझ्या तोंडून पोरांले पटाचं नाही. तुझ्या हातचं वाचून दाखवतो."

म्हणून पोरांनो, हे तुमच्यासाठी. मिस्त्रीनं तार झाडाला लटकवली होती आणि सोमवारी या म्हणून सांगितलं होतं. मी रविवारीच नेली.