गॅरेजच्या भिंतीतलं तूस

खंडाळ्याच्या त्या बंगल्यावर मी पहिल्यांदा गेले ती गॅरेज मोजायला. सुनेत्राबाईंनी फोनवर मोजकंच सांगितलं होतं. "छप्पर एका बाजूला झुकलंय. दुरुस्त होईल का नवीन बांधावं लागेल, आणि खर्च किती, तेवढं लिहून दे."

सुनेत्राबाई तळेगावच्या निवृत्त शिक्षिका. त्यांचे यजमान दिगंबरराव गेल्यापासून बंगला बहुतेक बंदच असतो. तिथं कायम राहणारी माणसं दोन. केरबा ओव्हाळ, म्हणजे बंगल्याचे ड्रायव्हर आणि राखणदार, आणि त्यांची बायको भागुबाई. गॅरेजचं छप्पर मागे ओढून त्याखाली एक खोली केली होती. त्या खोलीत ते दोघं एकोणचाळीस वर्षं राहत होते.

फाटक केरबाआबांनीच उघडलं. सत्तरीचा माणूस, अंगात इस्त्री केलेला खाकी शर्ट. मी नाव सांगितलं, यशोधरा, कामशेतहून आलेय.

"कामशेतात कुणाची?"

मी वडिलांचं नाव सांगितलं, विहारामागची आळी सांगितली.

"म्हंजी आपल्यातलीच की! भागे, भाईर ये. इंजिनेर इंजिनेर म्हनत हुतो, ती पोरगी हाय बघ."

"पोरगी हाय म्हनून च्या देऊ नगं का?" भागुबाई कप घेऊनच बाहेर आल्या.

चहा पिता पिता मला त्यांचं सगळं आयुष्य कळलं. आबा आंदर मावळातले, टाकव्याच्या पुढच्या एका वाडीचे. ट्रकवर क्लीनर म्हणून राहून गाडी शिकले. वाडीत लायसन काढणारा पहिला माणूस तेच. दिगंबररावांनी फियाटची किल्ली हातात दिली तेव्हा ते तिशीत होते. पहिल्याच पावसाळ्यात फियाटच्या तळाला गंज चढला. खंडाळ्यात चार महिने चपलांनासुद्धा बुरशी येते, तिथं गाडीचं काय! साहेब काही बोलले नाहीत, पण आबांना ते लागलं.

त्यांच्या वाडीत भाताच्या कणगीखाली तूस पसरतात. तूस म्हणजे भात भरडल्यावर निघणारी टरफलं. ओल धान्यापर्यंत पोचू नये म्हणून. आबांनी तेच केलं. कामशेतच्या गिरणीतून पोत्यांनी तूस आणलं, गॅरेजच्या सागवानी खांबांना आतून फळ्या ठोकल्या, आणि फळ्या व दगडी भिंत यांच्यामधल्या पोकळीत ते ठासून भरलं. तेव्हापासून दर मे महिन्यात फळीची वरची खाच उघडून नवं तूस भरायचं. एकही वर्ष चुकलं नाही. फियाट अजून उभी होती. आता कुणी चालवत नसलं तरी तिच्या रंगात तोंड दिसत होतं.

मी टेप काढली तसे आबा जवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, "पोरी, बाईंनी सांगितलंय. दुरुस्ती झाली तर आमी हितंच. नवीन झालं तर ते दोन गाड्यांचं हुनार, खोली न्हाई त्यात. तू दुरुस्तीच लिव्ह. सागाला काय हुतंय?"

"आधी खांब बघते, आबा."

ते शिडी आणायला गेले तेवढ्यात मी कोपऱ्यातली एक फळी उचकटली. आतलं तूस काळं पडलेलं, शेणासारखं ओलं आणि घट्ट होतं. खांबाला पेचकस टेकवला तर तो मुठीपर्यंत आत गेला. दुसऱ्या खांबाचं तेच, तिसऱ्याचंही. छप्पर का झुकलं ते कळलं. खांब तुसाने कुजवले होते.

शिडीचा आवाज आला. मी घाईने फळी जागेवर दाबली.

"काय म्हनतोय साग?"

"जुना झालाय, आबा," मी म्हणाले. त्यांच्याकडे न बघता वहीत आकडे लिहीत राहिले.

चार दिवसांनी अंदाजपत्रक पाठवलं. दुरुस्ती शक्य नाही. पाडकाम, राडारोडा हलवणं, नवा पाया, आरसीसी खांब, छप्पर, शटर मिळून पाच लाख साठ हजार. कारणाच्या रकान्यात मी तुसाचं नाव न काढता लिहिलं, वयोमान. मला ते दयेचं काम वाटलं होतं.

बाईंनी ते आबांना कळवलं, आणि दुसऱ्या दिवशी आबांचा फोन आला.

"ठेकेदारानं किती दिलं तुला?"

"आबा, असं काय बोलता?"

"वयोमान! माज्या बापाच्या घरातला साग मला पुरून उरंल. आपली म्हनून च्या पाजला, आन् तूच घर उठवाया निगालीस?"

त्यांनी सुनेत्राबाईंनाही कळवलं होतं की पोरगी खोटं लिहिते. बाईंनी आम्हाला रविवारी समोरासमोर बोलावलं. बाई खुर्चीवर बसल्या होत्या, भागुबाई खोलीच्या दारात उभ्या होत्या. आबा गॅरेजच्या तोंडाशी असे उभे होते, जणू आत कुणाला जाऊ द्यायचं नव्हतं.

"वयोमान म्हणजे नेमकं काय झालंय?" बाईंनी मला शिक्षिकेच्या आवाजात विचारलं.

"हिला इचारा, बाई. एकोनचाळीस वर्सात एक फळी सडू दिली न्हाई मी."

मला अजूनही गप्प बसता आलं असतं. पण मग मी लाच खाल्ली हेच खरं ठरलं असतं, आणि आबा त्या कुजक्या छपराखाली पुढचा पावसाळा काढायला हटून बसले असते. मी बॅगेतून पटाशी काढली आणि कोपऱ्यातली फळी पूर्ण काढली. ओलं तूस ढिगाने फियाटच्या चाकाशी पडलं. मागे खांब उघडा झाला. बुडाशी तो निम्मासुद्धा उरला नव्हता.

आबा खाली बसले. त्यांनी तुसाची मूठ भरली, नाकाशी नेली, मग खांबाला बोट लावलं. बोटाबरोबर लाकडाचा चुरा आला.

"ह्ये कवापास्नं?"

"खाली मुरूम होता तोवर ओल जिरत होती," मी सांगितलं. "मग लादी बसली. खालची वाट बंद झाल्यावर ओल भिंतीतून वर चढायला लागली. ती तुसाने धरून ठेवली आणि लाकडाला लावली. अर्धी चूक लादीची आहे, आबा."

"लादी ह्यांनीच घातली होती," बाई हळूच म्हणाल्या. "दोन हजार पाच साली."

"लादी सायबांनी घातली," आबा म्हणाले. "पर तिच्यामागारी ईस डाव तूस मी भरलं. दर साली ते खाली बसायचं. मला वाटायचं, दबलं आसंल. मी वरनं नवं ठासायचो. एकदा तरी बुडापतूर हात घातला आसता तर कळलं आसतं." ते माझ्याकडे वळले. "तुला त्या दिशी दिसलं व्हतं?"

"हो."

"मग सांगितलं का न्हाई?"

ते उठले. "वयोमान खोड. काय झालं ते लिव्ह."

मी खोडलं. ओल आणि तूस, असं लिहिलं. मग बाई म्हणाल्या, "यशोधरा, नवीनच बांधायचं. पण मागे यांची खोली धर."

मी तिथेच हिशोब केला. पायासकट एक लाख ऐंशी हजार वाढत होते. आकडा ऐकून बाईंनी होकारार्थी मान हलवली.

"नगं, बाई," आबा म्हणाले. "राखनीला ठिवलं व्हतं मला. त्यासाठी खोली व्हती. राखलं न्हाई, तर खोली कशाची? आमी वाडीला जातो."

"आमी म्हंजी कोन?" भागुबाई दारातून पुढे आल्या. "तुमी जावा. एकोनचाळीस वर्सं मी बी हितं हाय. बंगल्याची झाडलोट केली, पावन्यांची भांडी घासली, तुमच्या सायबाच्या आजारपनात रातभर बसली. मी काय सडवलं?"

आबा बोटाला लागलेला चुरा झटकत राहिले.

"बोला की. काय सडवलं मी?"

"काय न्हाई," ते म्हणाले.

"मग खोली माजी. तुमाला ऱ्हायचं तर ऱ्हावा, न्हाईतर वाडीला जाऊन बसा एकटंच."

"भागुबाईंची खोली असंच लिही," सुनेत्राबाई म्हणाल्या. मी नकाशावर तसंच लिहिलं.

पाडकाम आठ दिवस चाललं. त्या दोघांचं सामान बंगल्याच्या पडवीत होतं. मी रोज जायचे. आबा माझ्याशी बोलायचे नाहीत. मजुरांना मात्र त्यांनी भिंतींतल्या तुसाला हात लावू दिला नाही. बुडापर्यंत घमेल्याने स्वतः उपसलं आणि बागेच्या टोकाशी नेऊन टाकलं. भागुबाई त्यांना जेवायला हाक मारायच्या तेव्हा ते येऊन मुकाट जेवायचे.

नव्या पायाच्या आखणीच्या सकाळी मी चुन्याची फक्की टाकत होते. गॅरेजची मागची भिंत आणि खोलीची भिंत एकच धरली होती, खर्च वाचतो म्हणून. आबा हात मागे बांधून रेघेच्या कडेकडेने चालत आले आणि थांबले.

"पोरी, ही भिंत एकच हाय का?"

"हो, आबा."

"दोन कर. मदी हातभर जागा सोड. वारं जाऊ दे, पानी जाऊ दे. आन् बुडाला काय चाललंय ते मानसाला वाकून बघता आलं पायजे."

"आणखी एक भिंत म्हणजे बाईंचे चाळीसेक हजार वाढतील."

"सांग त्यास्नी. मी इचारलंय म्हनून सांग."

मी तिथूनच फोन लावला. बाईंनी दोनच प्रश्न विचारले आणि होकार दिला. मी पायाने खोलीच्या रेघा पुसल्या आणि आखणीच्या दोरीचं एक टोक धरलं. आबांनी दुसरं टोक उचललं, हातभर मागे सरकले, आणि ती ताणून धरली.